नानांचा अकरा एकांचा आकडा

आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी मला सज्जन वगैरे समजायला नको. या माणसाची नऊ वर्षं मी खाल्ली. दुष्टपणानं नाही, मुद्दाम तर नाहीच. एक बस पकडायची होती, एवढंच.

नाना माझे घरमालक. जळगावला पिंप्राळ्यात त्यांचं बैठं घर होतं आणि वर गच्चीला लागून एक खोली, ती भाड्यानं द्यायची होती. मी धुळ्याची. त्र्याऐंशी साली जळगावच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले होते आणि खोली शोधून शोधून पायांचे तुकडे पडले होते. एकट्या मुलीला खोली म्हटलं की लोक आधी आडनाव विचारत, मग गाव, मग लग्न का नाही झालं ते. इथे दारात खाकी पँट आणि पांढरा बनियन घातलेला एक उंच, काटकुळा म्हातारा उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एक्क्याण्णव पक्का की फुटका?"

मी म्हटलं, "काय?"

"एक्क्याण्णव. आकडा. फुटतो का?"

मी तशी तोंडाची फटकळ, पण पाढे माझे पाठ. म्हटलं, "फुटतो की. तेरा साती एक्क्याण्णव."

"अक्का," ते आत बघून ओरडले, "खोली गेली!"

नंतर कळलं की माझ्या आधी एक बँकेतला माणूस येऊन गेला होता. चांगला पगार, सोबत बायको, सगळं व्यवस्थित. त्यानं ‘पक्का’ म्हटलं आणि त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "ज्याला एक्क्याण्णव कळत नाही तो नळ बंद करायला विसरणार," हे नानांचं म्हणणं. यात काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही. पण अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली की आधीचे दोघं तसेच निघाले होते.

पक्का म्हणजे ज्याला दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं भाग जात नाही असा आकडा. शाळेत त्याला मूळ संख्या म्हणतात. नानांना शाळेतले शब्द आवडत नसत. त्यांची शाळा सातवीत सुटली आणि पुढची सगळी वर्षं ते एस.टी.त कंडक्टर होते, बहुतेक जळगाव–धुळे मार्गावर. त्यांचं सारं गणित तिकिटांच्या नंबरांवर झालं. तिकीट फाडायचं, पंच करायचं आणि नंबर बघून प्रवाशाला सांगायचं, "ताई, तुमच्या तिकिटाला तेरानं भाग जातो." आता यावर ताईनं काय करावं? एकदा एरंडोलची एक बाई घाबरली. तिला वाटलं तिकीटच खोटं आहे. ती पोरंबाळं, बोचकी घेऊन मधल्याच थांब्यावर उतरायला निघाली. नाना तिला समजावत होते, "अहो, जातो म्हणजे चांगलंच जातो, नि:शेष जातो," आणि ती आणखी रडत होती. शेवटी ड्रायव्हर मागे येऊन हात जोडून म्हणाला, "नाना, आज राहू द्या." पक्क्या नंबरचं तिकीट मिळालं तर मात्र ते त्या माणसाचं अभिनंदन करत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कंडक्टर अंगातून गेला नव्हता. घरातून बाहेर पडताना ते दाराच्या चौकटीवर पंचानं दोनदा टकटक करत. त्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. अक्का भांडायला लागली की एकदाच टक करत, म्हणजे गाडी थांबवा. अक्का तिच्या अहिराणीत, जिथे ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘आहेत’ला ‘शेत’ म्हणतात, म्हणायची, "देख माय, चाळीस वरीस हाऊ मना कंडक्टर शे, पन एक दिन माले खिडकीजवळनी जागा दिनी नही."

आता मुद्द्याच्या आकड्याकडे येते. नुसते एक लिहायचे, ओळीनं. दोन एक लिहिले की अकरा, तो पक्का. तीन लिहिले की एकशे अकरा, तो फुटका, सदतीस त्रिक. चार एक अकरानं फुटतात. पाच एकांनी नानांना जरा दमवलं, पण एकेचाळीसनं भाग गेला. सात एकांना पूर्ण उन्हाळा लागला. एका दुपारी पारोळ्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलाशी बसून ते दोनशे एकोणचाळीसपर्यंत पोचले आणि बाकी शून्य आली. त्या आनंदात गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. असे दहा एकांपर्यंतचे सगळे आकडे त्यांनी नोकरीतच फोडले. अकरा एक मात्र निवृत्तीपर्यंत हटले नाहीत.

आणि तो आकडा दिसायला होताही देखणा. नाना अंगणात उभे राहून, छाती भरून, एका दमात म्हणायचे, "अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा!" मग माझ्याकडे बघायचे. "आहे असा दुसरा? अकरा भाऊ, एका उंचीचे, एका ओळीत. कोणाच्या बापाला यांची वाटणी करता येती का, ते बघायचंय मला."

बघायची रीत त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून घालून घेतली. आकडा फुटलाच तर दोन तुकड्यांतला धाकटा तुकडा एक लाख साडेपाच हजारांच्या आतच असणार, एवढं त्यांनी काढलं होतं. तिथपर्यंतचे पक्के आकडे त्यांनी आधीच यादी करून ठेवले होते, दहा हजारांच्या वर होते. त्यातला रोज एक घ्यायचा आणि अकरा एकांना त्यानं भागायचं. सकाळी आंघोळ झाली की, चहाच्या आधी. भागाकार पाटीवर, पेन्सिलीनं. नवाचा ताळा बघायचा, वहीत आकडा आणि बाकी लिहायची आणि पाटी पुसून टाकायची. दाराशेजारी भिंतीवर काळा रंग देऊन एक चौकोन केला होता. त्यावर आजची बाकी खडूनं लिहायची, की गल्लीला कळावं, आजही फुटला नाही. मग चहा.

मी म्हटलं, "नाना, रोज एक म्हणजे किती वर्षं?"

"सत्तावीस. वर काही महिने."

"तुम्ही पंच्याऐंशीचे व्हाल!"

"मग व्हायला पाहिजे ना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही निश्चिंती होती, की जणू रिझर्वेशन झालेलं आहे.

रोज दोन का नाही, असं विचारलेलं त्यांना खपत नसे. दोन केले की हावरटपणा, आणि हावरट माणसाचा ताळा चुकतो. मी एकदा कचेरीतला कॅल्क्युलेटर आणून दाखवला. आठ एकांनंतर त्यानं मान टाकली. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी अक्काला आतून बोलावून आणलं. "बघ," म्हणाले, "याचं तोंडच लहान शे!"

आता एक गंमत सांगते, पण ती पुढे माझ्याच गळ्यात येणार आहे. पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावर एक पानवाला होता. त्याच्याकडे मटक्याचा आकडा लावणारी मंडळी जमत. हा गडी सकाळी दुकान उघडायला जाताना नानांच्या भिंतीवरची बाकी वाचायचा आणि शेवटचा अंक लावायचा. रोज थोडे थोडे घालवत होता बिचारा. पण पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात एक दिवस त्याला लागला, आणि चांगलाच लागला. झालं! दुसऱ्या आठवड्यात सकाळी सात वाजता नानांच्या फाटकाशी सतरा-अठरा माणसं. एकानं नारळ आणलेला. एक जण पाया पडून म्हणाला, "नाना, उद्याचा सांगा ना."

नानांना आधी वाटलं, जगाला अखेर गणिताची गोडी लागली. त्यांनी त्या माणसाला बसवून घेऊन पक्का आणि फुटका समजावायला सुरुवातही केली. मग अक्कानं कानात सांगितलं. नाना असे लाल झाले की मला वाटलं, आता झटका येतो. "उद्याचा मला आजच ठाऊक असता," ते ओरडले, "तर उद्या आंघोळ कशाला केली असती?" पुढे महिनाभर भिंतीवर काही लिहिलं नाही. नंतर लिहू लागले, पण रात्रीचं जेवण झाल्यावर, जेव्हा कुणाला उपयोग नाही. पानवाल्याकडची सुपारी मात्र त्यांनी त्या दिवसापासून जी सोडली ती सोडलीच.

त्या दिवशी पानवाल्याला लागलेला आकडा सात होता. आणि तो सात नानांचा नव्हता, माझा होता.

झालं होतं असं. नानांचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. चार दिवस दवाखान्यात. नानांना ऑपरेशनची काळजी नव्हती, भागाकाराची होती. अंगावर पाणी घ्यायला बंदी, आणि आंघोळीशिवाय पाटीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. अक्काला आकडे ओळखता येत होते, पण भागाकार नाही. मग त्यांनी मला खाली बोलावलं. पाटी, पेन्सिल, वही समोर ठेवली. म्हणाले, "आजवर दुसऱ्याच्या हातात दिली नाही. सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही. चार दिवस तुझे."

खरं सांगते, मला तेव्हा हसू येत होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी गंभीर झाले आणि "हो नाना" म्हणाले.

तीन दिवस मी अगदी मनापासून केलं. आंघोळ करून, चहाच्या आधी. तिसऱ्या दिवशीचा आकडा एकवीस हजार सहाशे सत्तेचाळीस होता. नानांनी बजावलं होतं, "हा आणि याच्या पुढचा एकोणपन्नास, जुळे शेत. जपून कर." पहिल्या जुळ्याची बाकी मी दोनदा ताळा बघून लिहिली, नऊ हजार एकोणसत्तर. चौथा दिवस रविवार. त्या दिवशी धुळ्याला मला बघायला मुलगा येणार होता. सोनगीरकडे कुठेतरी मास्तर होता. आईचा निरोप होता की बारापर्यंत घरात हवीस, साडी निळी नेस. सव्वाआठची बस. आणि त्या सकाळी पाणी उशिरा आलं, केसांना तेल जास्त झालं, साडीच्या निऱ्या तीनदा सुटल्या. पाटी समोर घेतली तेव्हा आठला दहा कमी. पाटीवर नुसता आकडा मांडला, घड्याळाकडे बघितलं, आणि वहीत ठोकून दिलं, नऊ हजार चारशे सतरा.

बघा, लबाडीतसुद्धा किती अक्कल असते माणसाला! नऊ हजार पाचशे लिहिलं असतं तर संशय आला असता, म्हणून सतरा लिहिले. कालच्या बाकीच्या जवळपासची, खरी वाटेल अशी. भिंतीवरही तेच लिहिलं आणि पळाले. बस मिळाली. मुलानं पोहे खाल्ले, दोनदा घेतले, आणि चार दिवसांनी निरोप पाठवला की मुलगी जरा फटकळ वाटते.

नाना घरी आले. त्यांनी चारही ओळी वाचल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं शे." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यात पानवाला पेढे घेऊन आला, मग ती गर्दी झाली, आणि आता सांगितलं तर नाना मला खोलीतून काढतील असं वाटलं. आणि मनात म्हटलं, दहा हजार आकड्यांतला एक. काय फरक पडतो?

सत्त्याऐंशीला माझं लग्न झालं, धुळ्यातच, फटकळ चालेल म्हणणाऱ्या माणसाशी. बदलीही करून घेतली. नानांकडे वर्षातून एक-दोनदा जायची. भिंतीवरच्या बाकीची चौकशी व्हायची. पंचाची टकटक, अक्काच्या तक्रारी, सगळं तसंच होतं. नाना सत्तरीचे झाले, मग चौऱ्याहत्तरीचे, आणि भाजक सत्तावन्न हजारांच्या पुढे गेला. नजर कमी झाली म्हणून पाटीवरचे अंक तेवढे मोठे झाले होते.

चौऱ्याण्णव साली आमच्या शेजारी गणिताचे एक प्राध्यापक राहायला आले. एकदा चहा पिताना मी त्यांना नानांची गोष्ट सांगितली, हसवायला म्हणून. ते हसले नाहीत. खिशातून लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट काढून त्याच्या मागे काहीतरी खरडत बसले आणि म्हणाले, "अहो, सगळे आकडे घ्यायची गरजच नाही. अकरा एकांना जो पक्का आकडा भागेल, त्याला बाविसानं भागलं तर बाकी एकच उरायला हवी. बाकीच्यांनी भाग जाणंच शक्य नाही. दहातला एखादाच तपासायचा."

मला इतका आनंद झाला! नानांची दहा वर्षं वाचणार. वर्ष-सव्वा वर्षात सगळा खेळ पुरा. मी शनिवारीच जळगाव गाठलं.

नानांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही. पाटी घेतली. "सात एकांना मग चौदा लागेल," म्हणाले, "अकराला बावीस तर साताला चौदा." त्यांनी आपला जुना दोनशे एकोणचाळीस मांडला, चौदानं भागला. बाकी एक. मग त्याचा जोडीदार चार हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी एक. पाच एकांचा एकेचाळीस, दहानं. बाकी एक. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बठ्ठं, सगळं बरोबर शे," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे दहातल्या नऊ दिवशी मी रिकामी गाडी नेली."

मला उगाच सांगितलं असं झालं. पण नाना बसून राहणारे नव्हते. त्यांनी सगळ्या जुन्या वह्या काढल्या. जे खरे कामाचे दिवस होते, त्यांवर लाल पेन्सिलीनं खूण करायची ठरलं. ते बाविसाच्या उड्या मारत आकडे म्हणायचे, मी वहीत शोधायचे. सापडला की ते स्वतः खूण करायचे. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. संध्याकाळ होत आली तेव्हा नाना म्हणाले, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास."

मी पान उलटलं. चार ओळी माझ्या अक्षरात. शेवटची ओळ, नऊ हजार चारशे सतरा.

नानांनी वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि ऐटीत लाल खूण केली. "हा बघ, तुझ्या हातचा," म्हणाले. "चारातला एक तरी कामाचा निघाला!"

धुळ्याच्या बसमध्ये मी मांडीवर पर्स, पर्सवर कागद ठेवून तो भागाकार केला, नऊ वर्षं उशिरा. गाडी हलत होती, अंक वाकडे येत होते. पाच, एक, तीन, दोन, तीन. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस उरले होते. मी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासला नवानं गुणलं. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस.

शून्य.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं माय, बरं नाही वाटत का?" मी मान हलवली. गप्प राहायचं म्हटलं तर सोपं होतं. नानांनी उरलेले आकडे संपवले असते, वर्षभरानं भिंतीवर लिहिलं असतं की अकरा भाऊ पक्के आहेत, जुन्या डेपोत पेढे वाटले असते. आणि ते सगळं खोटं असतं, माझ्या एका ओळीमुळे. सोळा वर्षं रोज सकाळी आंघोळ करून बसणारा माणूस, आणि त्याला खोटं पाडणार कोण, तर मी.

पुढच्या रविवारी परत गेले. नाना ओट्यावर बसले होते. मी बसलेसुद्धा नाही, उभ्यानंच सांगितलं. "नाना, दवाखान्यात होतात तेव्हा चौथ्या दिवशी मी भागाकार केलाच नाही. बाकी मनानं लिहिली. परवा करून बघितला." पुढचं बोलायची गरज पडली नाही. माझ्या चार ओळींत लाल खूण त्या एकाच ओळीवर होती.

अक्का आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"कुठे गेली होतीस त्या दिवशी?" नानांनी विचारलं.

"धुळ्याला. मुलगा बघायला आला होता."

"तो मास्तर? ज्यानं नाही म्हटलं तो?"

"हो."

"त्याच्यासाठी!" नाना म्हणाले. एवढंच. मला वाटलं आता पाटी मागतील. पण ते म्हणाले, "आजचा झाला आहे. उद्या."

रोज एक म्हणजे रोज एक. मला मुक्काम करावा लागला. शेजाऱ्यांच्या फोनवरून घरी कळवलं. त्या संध्याकाळी अक्कानं जेवायला वाढलं, पण नेहमीसारखा आग्रह केला नाही.

सकाळी आंघोळ करून ते पाटीसमोर बसले. मी समोर. मला वाटलं होतं घाईघाईनं करतील. पण एकेक अंक रोजच्यासारखाच, मोठा, सावकाश. शेवटची वजाबाकी झाली. त्यांनी शून्य काढलं, ताळा बघितला, परत एकदा बघितला. मग वही उघडून माझ्या नऊ हजार चारशे सतरावर एक सरळ रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"खाडाखोडीवर सही लागते," म्हणाले.

मी सही केली. "नाना, मी तुमची नऊ वर्षं..."

"सव्वाआठची गाडी आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी मी एरंडोलपर्यंत रडले. लाजही वाटली नाही. गाडीत कुणी विचारलंही नाही. नंतर दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. दिवाळीला फराळ पाठवला, तर डबा रिकामा परत आला, धुऊन. जवळजवळ अडीच महिने झाले. आता ते दार आपल्याला बंद, असं मी धरून चालले होते. मग एक दिवस कचेरीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, पाटीवरच्यासारख्या मोठ्या अक्षरांत.

"चि. ताईस आशीर्वाद. तेरा एकांचा आकडा घेतला. तुझ्या प्राध्यापकाच्या रीतीनं. तेराला सव्वीस. पहिली उडी सत्तावीस, तो फुटका, सोडला. दुसरी त्रेपन्न. पाटीवर मांडला, बाकी शून्य. पहिल्याच दिवशी. अक्कानं चहा गाळला नव्हता. नंतर दिवसभर ओट्यावर बसून होतो, काही सुचलं नाही. अकराचा आकडा तू नीट केला असतास तर असा दिवस मला पासष्टाव्या वर्षीच आला असता. तुझ्यावर राग होता, तो गेला. आता सतरा एक घेतले आहेत. ती रीत नको, आपली जुनीच, तीनपासून, रोज एक. हे संपायचे नाहीत, अक्काला सांगितलेलं नाही. येत्या गुरुवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत. चार दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. तुला यायला जमेल का ते उलट टपाली कळव. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही."

मी तिथल्या तिथे चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून जे होतं तेच लिहिलं: भागाकार. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, आणि माझे डोळे बघून काही न विचारता सही केली.